गायनवृंदासाठी एक पाठ : गिटारचा साधा कॅपो



गेल्या काही वर्षांत आपल्या गायनवृंदात गिटार वाजवणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्याबरोबर दोन तक्रारीही आमच्या कानांवर येतात. बाकांवर बसणाऱ्या आजी-आजोबांची आणि मावशींची तक्रार अशी, की गाणे फार वर जाते, गळा पोहोचत नाही, म्हणून आम्ही गप्प बसतो. गिटार वाजवणाऱ्यांची तक्रार अशी, की पेटीवाले काका ‘काळी एक’ सांगतात, पण त्या पट्टीतल्या कॉर्ड आमच्या बोटांना जमत नाहीत.

या दोन्ही तक्रारींवर बऱ्याच अंशी एकच उपाय आहे. त्याला नवी गिटार लागत नाही, कीबोर्ड लागत नाही, धर्मग्रामाच्या फंडाला हातही लावावा लागत नाही. दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळणारा, कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यासारखा दिसणारा एक कॅपो पुरतो. तो कसा निवडावा, कसा लावावा आणि उपासनेत कसा वापरावा, हे आजच्या पाठात पाहू. ज्यांना गिटार येत नाही त्यांनीही हा पाठ वाचावा, कारण गाणे कोणत्या पट्टीत असावे हा प्रश्न गाणाऱ्या सर्वांचाच आहे.

कॅपो म्हणजे काय?

‘कॅपो’ हा ‘कॅपोतास्तो’ या इटालियन शब्दाचा तुकडा आहे. ‘कॅपो’ म्हणजे डोके आणि ‘तास्तो’ म्हणजे तंतुवाद्याची बोटे ठेवण्याची पट्टी. इटलीतील संगीताचे अभ्यासक जोव्हान्नी बात्तिस्ता दोनी यांनी १६४० साली हा शब्द आपल्या लिखाणात वापरला होता. अमेरिकेत कॅपोचे पहिले पेटंट १८५० साली कनेक्टिकट राज्यातील जेम्स ॲशबॉर्न यांना मिळाले. स्पेनमध्ये त्याला ‘सेहिया’ म्हणतात. तिथले फ्लामेंको गिटारवादक गायकाच्या गळ्याप्रमाणे तो नेहमी पुढेमागे सरकवतात. म्हणजे ही आजकालची फॅशन नव्हे, जुनी सोय आहे.

त्याचे काम अगदी साधे आहे. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या बारीक पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. दोन फ्रेटच्या मधल्या जागेला आपण ‘घर’ म्हणू. कॅपो एखाद्या घरात बसवला, की तो सहाही तारा एकदम दाबून धरतो. तारेचा वाजणारा भाग आखूड होतो आणि सूर चढतो. एक घर म्हणजे अर्धा सूर, म्हणजेच पेटीवरची लगतची पुढची पट्टी, मग ती काळी असो की पांढरी. बारा घरे चढलो की पूर्ण सप्तक होते आणि तारेची लांबी बरोबर निम्मी उरते.

घरे वर जाताना लहान का होत जातात, असे मुले विचारतात. प्रत्येक घर उरलेल्या तारेचा साधारण अठरावा भाग कमी करते. तार ६५० मिलिमीटर लांब असेल तर पहिले घर सुमारे साडेछत्तीस मिलिमीटरचे, दुसरे सुमारे साडेचौतीसचे, तिसरे सुमारे साडेबत्तीसचे येते. म्हणून वरच्या घरांत बोटे जवळजवळ येतात. लहान हातांना ही सोयच आहे.

ही पळवाट नाही का?

‘कॅपो लावणे म्हणजे बार कॉर्ड टाळण्याची पळवाट’ असे काही जाणकार म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य एवढेच, की बार कॉर्ड शिकायलाच हवी, कारण गाण्याच्या मध्येच ती लागते. पण आपल्याकडे स्केल चेंजर पेटी असते. तिचा पट्ट्यांचा भाग बाजूला सरकवला की वादकाची बोटे त्याच पट्ट्यांवर राहतात आणि सूर बदलतो. स्केल चेंजर वापरणाऱ्या पेटीवाल्याला कोणी आळशी म्हणत नाही. कॅपो हा गिटारचा स्केल चेंजरच आहे. शिवाय मोकळ्या तारांचा जो भरदार नाद असतो तो बार कॉर्डमध्ये येत नाही. कॅपो लावून तो राखता येतो.

फरक एकच आणि तो नीट ध्यानात ठेवावा : कॅपोने सूर फक्त चढतो, उतरत नाही. गाणे खाली आणायचे असेल तर आधी कॉर्डचा संच बदलावा लागतो. त्याविषयी पुढे सांगतो.

विकत घेताना

शक्य असेल तर दुकानात स्वतःची गिटार घेऊन जावे. बाजारात मुख्यतः चार प्रकार दिसतात. इलॅस्टिकच्या पट्ट्याचा कॅपो सर्वांत स्वस्त, पण तो लवकर सैल पडतो. स्प्रिंगचा चिमटा एका हाताने लावता-काढता येतो आणि आपल्या कामाला तोच सोयीचा. स्क्रूने आवळायच्या कॅपोमध्ये दाब कमी-जास्त करता येतो, पण लावायला वेळ लागतो. खटका आणि स्क्रू दोन्ही असलेला कॅपो चांगला, पण महाग. साधा स्प्रिंगचा चिमटा घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. तुमच्या गिटारची मान सपाट आहे की किंचित गोलसर? नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारची मान सपाट आणि रुंद असते. नटजवळ ती सुमारे ५२ मिलिमीटर भरते. लोखंडी तारांच्या गिटारची मान किंचित बाकदार आणि सुमारे ४३ मिलिमीटरची असते. बाकदार मानेचा कॅपो सपाट मानेवर लावला तर मधल्या किंवा कडेच्या तारा नीट दाबल्या जात नाहीत. दुकानदाराला ‘क्लासिकलचा’ की ‘अकूस्टिकचा’ हे स्पष्ट सांगावे.

२. रबराची पट्टी सहाही तारांच्या पलीकडे थोडी उरली पाहिजे. चौथ्या-पाचव्या घरात मान आणखी रुंद होते, तिथेही लावून पाहावे.

३. रबर नखाने दाबून पाहावे. दगडासारखे कडक नको आणि खोडरबरासारखे लुसलुशीतही नको.

४. दोन्ही दांड्या बाजूला हलवून पाहाव्यात. सांध्यात खुळखुळ असेल तर कॅपो तिरका बसतो आणि तारा बाजूला ओढल्या जातात.

५. मानेच्या मागे टेकणाऱ्या भागावर रबर किंवा प्लॅस्टिक असावे. उघडा धातू लाकडाला ओरखडे पाडतो.

हे पाचही निकष पूर्ण करणारा कॅपो स्वस्तातही मिळतो. वरचा रंग आणि चकाकी पाहून पैसे मोजू नयेत.

कॅपो लावण्याची रीत

पहिली पायरी : कॅपो न लावता गिटार सुरात लावून घ्यावी. बेसूर गिटार कॅपोने सुरात येत नाही. गायनवृंदात पेटी असेल तर गिटार पेटीला जुळवावी, मोबाइलवरच्या ट्यूनरला नव्हे. ट्यूनर ४४० कंपनांच्या ‘ए’ सुरावर चालतो, पण जुनी पेटी थोडी वर किंवा खाली असू शकते. पेटीचे सूर मिस्साच्या दहा मिनिटे आधी बदलता येत नाहीत. गिटारच्या खुंट्या पिळता येतात. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सूर असे : पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन.

दुसरी पायरी : चिमटा पूर्ण उघडून मानेवर न्यावा आणि हव्या त्या घरात, पुढच्या फ्रेटच्या अगदी मागे, फ्रेटला समांतर ठेवावा. पुढचा फ्रेट म्हणजे साउंडहोलच्या बाजूचा. घराच्या मधोमध ठेवला तर तारा जास्त वाकतात आणि सूर चढतो. थेट फ्रेटवर ठेवला तर तारांचा आवाज दबतो.

तिसरी पायरी : चिमटा हळूच सोडावा. खटकन सोडला तर तारा बाजूला सरकतात. बसल्यावर प्रत्येक तार किंचित वर उचलून सोडावी, म्हणजे ती सरळ होते.

चौथी पायरी : जाड तारेपासून एकेक तार छेडून ऐकावी. खरखर किंवा बोथट आवाज आला तर त्या तारेवर दाब कमी पडतो आहे. कॅपो केसभर पुढे सरकवावा किंवा त्या बाजूला थोडा जास्त आत ढकलावा.

पाचवी पायरी : पुन्हा सूर तपासावा. ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि दोष कॅपोला देतात. स्वस्त चिमट्याची स्प्रिंग बहुधा गरजेपेक्षा जोरकस असते आणि तिचा दाब कमी करण्याची सोय नसते. दाब जास्त झाला की तार ताणली जाते आणि सूर थोडा चढतो. जाड तारांवर हे जास्त जाणवते. अशा वेळी खुंटी अगदी थोडी सैल करून तार सुरात आणावी. कॅपो काढल्यावर ती तार पुन्हा वर घ्यावी लागेल, हे विसरू नये.

या पाच पायऱ्यांना सवयीने अर्धा मिनिट लागतो.

पेटीची पट्टी आणि कॅपोचे घर

आता मुख्य गोष्ट. पेटीवाले काका पट्टी सांगतात, तेव्हा गिटारवाल्याने कोणता कॉर्डसंच धरायचा आणि कॅपो कुठे लावायचा? पुढील यादी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावी. ‘जी संच’ म्हणजे ज्या गाण्याचा सा ‘जी’ कॉर्डवर आहे ते. त्यात जी, सी, डी आणि ई मायनर येतात. ‘डी संच’ म्हणजे डी, जी, ए आणि बी मायनर. बाकीचे याच रीतीने समजावेत.

पांढरी १ : सी संच, कॅपो नाही, किंवा ए संच, कॅपो ३
काळी १ : सी संच, कॅपो १, किंवा ए संच, कॅपो ४
पांढरी २ : डी संच, कॅपो नाही; किंवा सी संच, कॅपो २
काळी २ : डी संच, कॅपो १, किंवा सी संच, कॅपो ३
पांढरी ३ : ई संच, कॅपो नाही, किंवा डी संच, कॅपो २
पांढरी ४ : डी संच, कॅपो ३, किंवा ई संच, कॅपो १
काळी ३ : डी संच, कॅपो ४, किंवा ई संच, कॅपो २
पांढरी ५ : जी संच, कॅपो नाही, किंवा डी संच, कॅपो ५
काळी ४ : जी संच, कॅपो १, किंवा ई संच, कॅपो ४
पांढरी ६ : ए संच, कॅपो नाही; किंवा जी संच, कॅपो २
काळी ५ : जी संच, कॅपो ३, किंवा ए संच, कॅपो १
पांढरी ७ : जी संच, कॅपो ४, किंवा ए संच, कॅपो २

कोमल गांधाराच्या चालींना, म्हणजे मायनर कॉर्डवर बसणाऱ्या गाण्यांना, हीच मोजणी लागू पडते. ए मायनरचा संच तिसऱ्या घरातल्या कॅपोने पांढरी एकवर येतो, ई मायनरचा संच पहिल्या घरातल्या कॅपोने पांढरी चारवर.

यादी हरवली तरी घाबरू नये. पेटीवर संचाच्या पट्टीपासून हव्या त्या पट्टीपर्यंत काळ्या-पांढऱ्या सर्व पट्ट्या ओळीने मोजाव्यात. जितक्या पट्ट्या पुढे गेलो, तितक्या घरावर कॅपो. पांढरी तीन व चार आणि पांढरी सात व पुढची एक यांच्या मध्ये काळी नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

पट्टी कोणाच्या गळ्याची?

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी जो उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला, त्यात भाविकांच्या गायनाला उत्तेजन देण्यास सांगितले आहे आणि पाइप ऑर्गनला मान देऊन इतर वाद्यांनाही, ती उपासनेला साजेशी असतील तर, अधिकाऱ्यांच्या संमतीने जागा दिली आहे. गिटार देवळात आली ती याच वाटेने. तेव्हा गिटारची पट्टी वादकाच्या बोटांच्या सोयीने ठरवावी की मुख्य गायकाच्या तयारीच्या गळ्याने, या प्रश्नाला उत्तर एकच : बाकांवर बसलेल्यांच्या गळ्याने.

सर्वसाधारण न शिकलेला गळा किती वर जातो? स्त्रियांचा आवाज पेटीच्या मधल्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत सुखाने फिरतो. पुरुष तेच एक सप्तक खाली गातात. सकाळी साडेसहाच्या मिस्साला गळा नुकताच जागा झालेला असतो, तेव्हा वरची मर्यादा आणखी एखाद्या सुराने कमी धरावी. गायनवृंद गुरुवारी रात्री सरावात जी पट्टी सहज गातो, ती रविवारी सकाळी जड जाते याचे कारण हेच.

म्हणून प्रत्येक गाण्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर शोधावा. बहुतेक गाणी दोन जातींत बसतात.

पहिली जात : चाल सा पासून वरच्या सा पर्यंत जाते. अशा गाण्याचा सा पांढरी एक, काळी एक किंवा पांढरी दोनवर ठेवावा. गिटारवर सी संच धरून कॅपो नाही, कॅपो १ किंवा कॅपो २. हेच गाणे जी संचात कॅपोशिवाय वाजवले तर वरचा सा पांढरी पाचवर जातो. तिथे गायनवृंदातल्या दोघी-तिघीच उरतात.

दुसरी जात : चाल खालच्या पंचमापर्यंत उतरते आणि वरच्या पंचमापर्यंत चढते. अशा गाण्याचा सा पांढरी चार, काळी तीन किंवा पांढरी पाचवर ठेवावा, म्हणजे दोन्ही टोके गळ्यात राहतात. गिटारवर डी संच धरून कॅपो ३, ४ किंवा ५.

एक उदाहरण करून पाहू. गीतपुस्तकात एखाद्या गाण्यावर ए, डी, ई अशा कॉर्ड लिहिल्या आहेत आणि चाल वरच्या पंचमापर्यंत जाते. पांढरी सहाचा पंचम म्हणजे वरची पांढरी तीन. ती बाकांना उंच पडते. आपल्याला गाणे चार पट्ट्या खाली, पांढरी चारवर आणायचे आहे. कॅपो खाली नेत नाही, म्हणून आधी ए संच सोडून डी संच धरायचा : ए च्या जागी डी, डी च्या जागी जी, ई च्या जागी ए. डी संच कॅपोशिवाय पांढरी दोनवर वाजतो. तीन घरे चढवली की पांढरी चार. वरचा सूर आता पांढरी एकवर आला आणि तो आजीच्याही गळ्यात बसतो. वादकाला एकही बार कॉर्ड धरावी लागली नाही.

पट्टी बरोबर बसली का, हे गायनवृंदाला विचारू नये. शेवटच्या बाकाजवळ एकाला उभे करावे आणि धृपदाच्या सर्वांत वरच्या ओळीला बाकांतून आवाज येतो का, ते ऐकायला सांगावे. पुढच्या रविवारी कॅपो एक घर मागे घेऊन पुन्हा ऐकावे. एका घराचा फरक लहान वाटतो, पण तेवढ्याने काही गळे गाण्यात परत येतात.

मिस्साच्या वेळी

गाण्यांची यादी ठरली की प्रत्येक गाण्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : पेटीची पट्टी, गिटारचा संच, कॅपोचे घर. उदाहरणार्थ, ‘प्रवेशगीत – पांढरी ४ – डी – ३’. गिटारवादक, पेटीवादक आणि गायनवृंद-प्रमुख यांच्याकडे एकच चिठ्ठी असावी. निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

शक्यतो लागोपाठची गाणी एकाच कॅपोवर बसतील असे संच निवडावेत. डी संच आणि कॅपो ३ म्हणजे पांढरी चार. जी संच आणि कॅपो ३ म्हणजे काळी पाच. ए संच आणि कॅपो ३ म्हणजे पांढरी एक. कॅपो न हलवता तीन पट्ट्या मिळाल्या. प्रवेशगीत ते ‘पवित्र, पवित्र’ एवढा टप्पा अशा योजनेने सहज पार पडतो.

कॅपो हलवायचाच असेल तर वाचने, प्रवचन किंवा अर्पणविधीतील पुरोहितांची प्रार्थना चालू असताना हलवू नये. स्प्रिंगचा खटका आणि तारांची किणकिण माइकमधून साऱ्या देवळाला ऐकू जाते. गाणे संपताच, तळहाताने तारा दाबून धरून, एका हाताने कॅपो सरकवावा. स्वस्त स्प्रिंगच्या चिमट्याचा हा मोठा गुण आहे : दोन सेकंदांत काम होते.

उपवासकाळाची आठवणही इथेच देऊ. राखेच्या बुधवारपासून वाद्ये फक्त गायनाला आधार म्हणून वाजवायची असतात. गाण्याआधीचे लांबलचक तुकडे आणि मधली वादनाची करामत टाळायची असते. चौथा रविवार, महोत्सव आणि सण यांना अपवाद आहे. या काळात साध्या संचात, खालच्या घरातल्या कॅपोवर, हळू आघाताने वाजवलेली गिटार शोभून दिसते. आवाज कमी झाला की लोकांना स्वतःचा आवाज ऐकू येतो आणि ते जास्त गातात, हाही अनुभव घेऊन पाहावा.

दोन गिटार असतील तर

दोघांनी एकाच जागी त्याच कॉर्ड वाजवण्यात अर्थ नाही. आवाज वाढतो, गोडवा वाढत नाही. एकाने जी संच कॅपोशिवाय वाजवावा, दुसऱ्याने डी संच पाचव्या घरात कॅपो लावून. दोघांची पट्टी पांढरी पाचच, पण दुसऱ्याच्या तारा वरच्या सप्तकाकडे झुकतात आणि भरीव नाद येतो. नाताळगीतांना हे विशेष खुलते. मात्र कॅपो लावल्यानंतर दोन्ही गिटार एकमेकींशी पुन्हा जुळवून घ्याव्यात.

लहान हातांसाठी युक्ती

दहा-बारा वर्षांची मुले गिटार सोडून देतात त्याचे कारण बहुधा आवड नसणे नसते. बोटे दुखणे असते. स्वस्त गिटारमध्ये तारा मानेपासून उंच असतात आणि पहिल्या दोन घरांत त्या दाबायला फार जोर लागतो. अशा मुलासाठी सहाही तारा दोन पट्ट्या खाली उतरवाव्यात आणि दुसऱ्या घरात कॅपो लावावा. सूर नेहमीचेच राहतात, पण तारा सैल होतात, मानेच्या जवळ येतात आणि घरेही लहान होतात. सहा महिन्यांनी बोटांना घट्टे पडले की तारा नेहमीच्या सुरावर आणून कॅपो काढावा. नवी गिटार घेण्याआधी पालकांनी हा उपाय करून पाहावा.

आणि ज्याच्याकडे कॅपोही नाही त्याच्यासाठी : गोल पेन्सिल तारांवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना मानेमागून रबरबँड आवळावेत. सपाट मानेवर हा घरगुती कॅपो बरा चालतो. बाकदार मानेवर कडेच्या तारा थोड्या खरखरतात, पण सरावापुरते काम भागते.

निगा

वाजवून झाले की कॅपो मानेवरून काढून ठेवावा. रात्रभर लावून ठेवल्यास रबरावर तारांचे वळ पडतात आणि तारांवर विनाकारण ताण राहतो. वळ खोल झाले की तारा त्यातच बसतात आणि नीट दाबल्या जात नाहीत. तेव्हा रबर बदलावे, किंवा फिरवता येत असेल तर उलटे बसवावे. आपल्या दमट हवेत स्प्रिंग गंजते. पावसाळ्यात कोरड्या फडक्याने पुसून गिटारच्या पिशवीच्या कप्प्यात ठेवावा. तारांना तेल लागू देऊ नये. कॅपोवर नाव लिहिलेली चिकटपट्टी लावावी, कारण ही वस्तू तुटण्यापेक्षा हरवते जास्त.

या आठवड्याचा अभ्यास

१. आपल्या वहीतील पाच गाणी घ्या. प्रत्येकाचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर पेटीवर शोधून लिहा.
२. ते गाणे पहिल्या जातीचे की दुसऱ्या, हे ठरवा.
३. वरच्या यादीतून योग्य संच आणि कॅपोचे घर लिहा.
४. कॅपो पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या घरात लावून प्रत्येक वेळी सहाही तारा एकेक तपासा.
५. घरातल्या वयस्कर माणसाला त्यांतले एक गाणे तुमच्याबरोबर गायला सांगा. जिथे त्यांचा आवाज थांबतो ती ओळ लिहून ठेवा आणि कॅपो किंवा संच बदलून पुन्हा गाऊन पाहा.

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे वहीत सापडतील, पाचव्याचे उत्तर घरातल्या माणसाच्या गळ्यातून यावे लागेल. पुढच्या सरावाला येताना वही बरोबर आणावी. ज्यांच्याकडे कॅपो नाही त्यांनी संकोच करू नये, गायनवृंदाचा एक कॅपो पेटीच्या खणात ठेवलेला आहे. तो वापरून झाला की पुन्हा तिथेच ठेवावा, ही नम्र विनंती.

आपले,
गायनवृंद